मोठी कडी

नेजमी,

पत्ता मागे ठेवला नाहीस, तरी लिहितेय. नाही लिहिलं तर हा राग माझ्यातच कुजेल.

इझमिर सोडून तू आईकडे लपला असशील, म्हणून केमालियेला गेले. नऊ वर्षांच्या संसारात एकदाही नेलं नाहीस ते गाव! घरं डोंगराला चिकटलेली, खाली काळपट नदी, छपरांवर वाळत घातलेली तुती आणि निम्म्या दारांना कुलपं. तुझ्यासारख्यांचंच गाव.

तुमच्या दारावर दोन कड्या होत्या, एक जाडजूड आणि एक बारकी. मी रागाच्या भरात जाडजूड कडी दणादणा आपटली. आतून सपाता फटफटत धावत आल्या.

"आले रे माझ्या वाघा, आले!"

दार उघडलं आणि म्हातारीचा चेहरा विझला.

"तू होय, शुक्रान! अगं, ही बाप्यांची कडी. बायकांनी बारकी वाजवायची."

म्हणजे तू तिथेही नव्हतास. तुझे सगळे प्रताप सांगायला गेलेली मी चहा पीत बसले.

"नेजमीचा खोकला कसा आहे?"

"बराय आता. काम फार असतं, म्हणून आला नाही."

निघताना तिने वाळलेल्या तुतीची पुरचुंडी हातात दिली. "त्याला देते," मी म्हणाले. जाणारा परत यावा म्हणून ओततात, तसं तिने माझ्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाली, "तुती तूच खा, पोरी. त्याला कुठे शोधत बसशील? आणि पुन्हा येशील तेव्हा बारकी कडी वाजव. मोठी वाजली की मला धावावं लागतं."

तुझ्या आईची सून,
शुक्रान