चौथा मासा

प्रिय हेकेदादा,

रेडिओवरचा तुझा निरोप मीच ऐकला. "यायचा विचार आहे," एवढंच म्हणालास. बाबांना मात्र मी "दादा येतोय" असं ठणकावून सांगितलं.

आज प्रवाळखडकापलीकडून गावाच्या होड्या कुपा मासे भरून आल्या. किनाऱ्यावर माणशी एक मासा असे वाटे पडत होते. सहा वर्षांपूर्वी तू भांडून गेलास, तेव्हा "आमच्या घरात आता तीनच माणसं" असं बाबांनीच वाटे घालणाऱ्या पेनितानाआजोबांना बजावलं होतं. आज आजोबांनी तीन मासे ठेवले, तर बाबा म्हणाले, "चार."

"मोजता येईनासं झालं काय रे?"

"पोरगा मंगळवारच्या बोटीनं येतोय. आल्या आल्या खायला मागेल. खादाड आहे मेला!"

सगळा किनारा हसला. आजोबांनी निवडून सर्वांत मोठा कुपा आमच्या वाट्यावर टाकला. मी तो मीठ लावून वाळत घातलाय. बाबा काठी घेऊन डुकरं हाकलत बसलेत.

हे पत्र पाठवू तरी कसं? पत्रं नेणारी बोटही तीच. तू उतरलास, की हे चुलीत नारळाच्या सोडणांखाली घालीन आणि त्याच जाळावर तुझा मासा भाजीन.

तुझी खोटारडी बहीण,
ताली