शेकोटीजवळची जागा

शिक्रापूर, बुधवार, डिसेंबर २००८

खोलीत कॉम्प्युटर एक. मी दिवसपाळीला, माझा खोलीतला जोडीदार विलास रात्रपाळीला, म्हणून गेमही एकच. मी थांबतो तिथून तो पुढं खेळतो. सकाळी मी तो पर्याय निवडला आणि माझ्या सैनिकानं तिरंदाजाला सांगितलं, तू मला आवडतोस. दोघंही पुरुष. वाटलं, आता गेम टिंगल करणार. पण तिरंदाज शेकोटीजवळ नुसता सरकला, त्याला जागा दिली. मी बघतच बसलो. आणि वेंधळ्यासारखा तिथंच सेव्ह करून कामावर गेलो!

संध्याकाळी आलो तर विलास तेच खेळत होता. निमोणे गावचा गडी, आता माझं गावभर करणार.

म्हणाला, "तुझा तिरंदाज लई जखमी झाला हुता. समदं औषध त्यालाच पाजलं. म्हटलं, ह्यो मेला तर तू जेवायचा न्हाईस."

"आधीचं बोलणं वाचलंस?"

"व्हय. वाचलं की."

माझं कळलं असेल त्याला? कळलंच असणार. ती शेकोटी ज्यानं कुणी लिहिली, त्याचं भलं होवो. विलास खाटेवर नुसता सरकला, मला जागा दिली.