साडेसतरा इंचांचा खांदा

अप्पा, माझ्यावर मोठा अन्याय झालाय आणि दाद मागायला तुमच्याशिवाय कोणी नाही. रेसच्या सायकलचं हँडल बाजारात चाळीस सेंटिमीटर रुंद मिळतं, नाहीतर बेचाळीस. माझे खांदे एक्केचाळीस. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण माझ्यापुरती एक नळी वाकवणं कुणाला सुचलं नाही. पोट सुटलं म्हणून सायकल घेतली, आणि आठवडाभर पायडल मारायचं सोडून मी हँडलाचाच विचार करत होतो. अरुंद घेतलं तर वारा कमी लागतो, पण छाती आवळते म्हणतात. रुंद घेतलं तर सायकल शहाण्यासारखी वळते, पण माणसाचं शीड होतं. चार जणांना विचारलं, चौघांनी पाच उत्तरं दिली. तुम्ही तर जन्मभर शर्ट शिवलेत, सायकलवर बसलात ते बाजाराची पिशवी अडकवून. तरी तुम्हाला हे एका वाक्यात कसं कळलं होतं, याचं मला अजून कुतूहल आहे. "बाही जिथनं सुटती, तिथनं हात सरळ फुडं जायला पायजे," तुम्ही म्हणाला होता.

ते नव्वदच्या दशकातलं एक साल. मला गारगोटीच्या सायकल शर्यतीत उतरायचं होतं आणि हँडल मागवण्याआधी सायकलवाल्या मिस्त्रीनं खांद्याचं माप आणायला सांगितलं होतं. मी तुमच्या दुकानात उभा आहे, दारात तालमीतले दोस्त. आपल्या गावात विशीतल्या पोरानं चारचौघांत अरुंद निघणं म्हणजे घराण्याला बट्टा. मी काखा फुगवतो, हात अंगापासून वीतभर लांब धरतो. तुम्ही गळ्यातला टेप काढता, अंगठ्यानं हाड चाचपता आणि थांबता.

"हात खाली सोड की. काखंत गळू झालंय व्हय?"

दोस्त खिदळतात. मी आणखी फुगतो. "हायच तेवढा खांदा!"

तुम्ही एकवार माझ्याकडं बघता आणि मापवहीत लिहिता, साडेसतरा इंच.

शर्यतीत समोरून वारा आला. मी त्या मापानं मागवलेल्या रुंद हँडलावर हात पसरून, कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा. अर्ध्या वाटेत मान आखडली, मनगटं बधिर झाली. शेवटून तिसरा आलो. तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन उभे होता. दोस्तांसमोर, मिस्त्रीसमोर मी ओरडलो, "जन्म गेला मापं घेण्यात, आणि पोराचंच माप चुकलं तुमचं!"

तुम्ही तांब्या पुढं केलात. मिस्त्रीला म्हणालात, "चुकलं आसंल माझं."

पुढं कितीतरी दिवस गल्ली तुम्हाला विचारायची, "अप्पा, शर्ट शिवताय का तंबू?" तुम्ही हसायचा. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाचा खांदा तुम्ही दोनदा मोजायला लागलात. मी ते बघायचो. मग तुम्ही गेलात. खरं बोलायचं राहून गेलं.

काल मिस्त्रीकडं गेलतो. म्हातारा झालाय, पण तोंड तसंच. तुमचाच टेप नेला होता. त्यानं हाडं चाचपली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"सोळा! पावणं, अंगानं एवढा सुटलास आन् खांदा दीड इंच आटला? हाड काय धुतल्यावर आटतंय व्हय?" मग बाकावर बसलेल्यांना म्हणाला, "ह्येच्या बाऽचं माप तवा चुकलंतं."

"न्हाय चुकलं," मी म्हणालो. "त्यांनी हात खाली सोड म्हणून सांगितलंतं. मीच काखा फुगवल्यात्या."

मिस्त्रीनं टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. "मग सोळा इंचाला चाळीसचं बसवू?" मी हो म्हणालो.

तुमच्या अंगठ्याला त्या दिवशी हाड लागलं होतं, अप्पा. खरं माप तुम्हाला ठाऊक होतं ना? हे पत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवतोय, टेपाखाली. आणि एक सांगायचं राहिलं. काल बाकावरच्या लोकांसमोर ते कबूल करतानाही माझे हात अंगापासून जरा लांबच होते.