पट्टी उन्हातच राहू दे

जर्मनी,
१२ ऑक्टोबर २०१०

आई,

तुले अन् बाबाले इथल्या थंडीतून जय भीम. पायल, ताईचं पत्र आईले वाचून दाखवताना मधलं काही गाळू नको.

मी बरी आहे, पोटभर जेवून राह्यली. इथं पिवळी पानं इतकी हळू खाली येतात की मले वाटते, मी पाण्याखाली बसून पाहून राह्यली. आपल्या कापसाच्या पऱ्हाटीची पानं यंदाही लाल्या रोगानं लाल पडली काय?

तुह्याकडं टांगाले दिलेली सोलरची पट्टी इथं परत पोचली. ही कागदासारखी वाकणारी पट्टी ऊन अन् दमट हवेनं लवकर मरते. म्हणून आम्ही लॅबमध्ये तिच्यावर नवं पारदर्शक अस्तर चढवलं. ते आपल्या बाभुळगावच्या उन्हात किती टिकते, ते पाहाचं होतं. सहा महिन्यांनीही पट्टी जशीच्या तशी निघाली. सरांनी साऱ्यांले बोलावून दाखवली. त्या रात्री सपनात आपल्या वावरावर अशीच जांभळट पट्टी अंथरली होती, अन् तिच्याखाली तू सावलीत तण निंदत होती.

मग पायलची चिठ्ठी आली. पोरीची वस्तू खराब होईन म्हणून तू रोज ऊन चढलं की पट्टी लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवत होती.

सरांले मी खरं सांगितलं. ते रागावले नाही, पण सारं पुन्हा कराचं आहे. माहं येणं एक उन्हाळा लांबलं.

नवी पट्टी पाठवून राह्यली. तिले उन्हात मरू दे, आई. पायल लिहिते, पट्टी पेटीत ठेवली की तू त्याच उन्हात वावरात जात होती. या वेळी ती बाहेर राहीन, अन् दुपारभर तू घरात बस.

तुही,
जया