शुक्रवारी रात्री आलेले दोन फोन

पेण
शनिवार, १९ जुलै, सकाळ

चि. सौ. वैशालीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र रेल्वेच्या गँगमधला केरू आणून देईल. तुमच्या रोह्याचा एकही फोन लागत नाही, गाड्या बंद आहेत, आणि रूळ तपासायला निघालेल्या त्याच्या ट्रॉलीवर ऐंशी किलोच्या पंडिताला जागा नाही. पत्राला आहे. दादा व्हॉट्सअ‍ॅपवरही पत्रच लिहितो म्हणून तू हसतेस ना, आज ती सवय कामी आली.

लेकीला सख्ख्या आत्याकडे न ठेवता पुलापलीकडे अष्टमीत सिपोरामावशींकडे ठेवली, हा राग तू दोन वर्षं जपून ठेवला आहेस. काढ एकदा बाहेर, पण आज नको. मुलगा एझ्रा इस्रायलला गेल्यापासून मावशी एकट्या होत्या, आणि सुरभीला धाटावच्या कंपनीत जायला ते घर सोयीचं होतं. त्या ज्यू घराची रीत तुला माहीत आहे. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव नाही, विजेचं बटण नाही, फोन नाही. सुरभीवर सक्ती कुणाची नव्हती. तरी मावशींचा मान म्हणून ती आपलाही फोन बंद करून कपाटात ठेवते.

त्यामुळे शुक्रवार ही माझीही सुट्टी. एरवी तिचा फोन येईपर्यंत मी ते यंत्र उशाशी घेऊन पडतो. काल फ्रिजवर ठेवलं, पावसाला दोन शिव्या संस्कृतात दिल्या, म्हणजे शेजाऱ्यांना स्तोत्र वाटावं, आणि झोपलो.

पहाटे पाहिलं तर मध्यरात्रीनंतर सिपोरामावशींच्या नंबरवरून दोन फोन येऊन गेलेले. वैशाली, ज्या शुक्रवारी रात्री त्यांचे यजमान गेले, त्या रात्रीही या बाईने फोनला हात लावला नव्हता. शनिवारी चांदण्या दिसल्यावर एझ्राला कळवलं. त्या बाईने काल दोनदा फोन केला, आणि मी झोपलो होतो.

पूल ओलांडून जा. दोघींना घेऊन तुझ्या घरी ने. मग पाहिजे तितकं भांड.

तुझ्या उत्तरावर ज्याचा श्वास अडकला आहे तो,
दादा


रोहा
शनिवार, संध्याकाळ

ती. दादास सा. न. वि. वि.

केरू दुपारी आला. स्वतः चिंब, तुझं पत्र मात्र जेवणाच्या डब्यात कोरडं. डबा रिकामा होता, म्हणून त्याला आधी भात वाढला आणि तो जेवत असतानाच ह्यांचा रेनकोट घालून निघाले.

दादा, पूल बंद आहे. बंद म्हणजे नुसती दोरी बांधलेली नाही, पूल दिसतच नाही. पाण्यावर मधेच आंब्याचं एक अख्खं झाड आडवं अडकलंय, त्यावरून समजायचं की खाली कठडा आहे. कुणी मोटरसायकल घालायला बघत होता, त्याला पोलिसांनी कॉलरला धरून मागे ओढला. मी विचारलं, पलीकडच्या माणसांचं काय. म्हणाले, शाळेत हलवलीत म्हणतात. कुणाकुणाला, ते त्यांनाही ठाऊक नाही. पलीकडे वीज नाही, टॉवर नाही.

मावशींचं घर आपल्या काठावरून दिसतं, तुला माहीत आहे. निळ्या खिडक्या दिसल्या. त्यांच्यावर कौलं दिसली नाहीत. तुला हे लिहू नये असं हे म्हणाले. पण तू ओळींमधलं वाचणारा माणूस, न लिहिलेलं जास्त वाचशील.

इकडच्या दवाखान्यात जाऊन आले. त्या दोघी तिथे नाहीत. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही.

आणखी एक. काल दिवेलागणीला नगरपालिकेची रिक्षा भोंग्यावर ओरडत गेली, नदीकाठच्यांनी वर जा म्हणून. मी सुरभीला फोन करायला हातात घेतला, आणि घड्याळ बघून खाली ठेवला. म्हटलं, शब्बाथ लागला असेल, बंदच असणार, मावशींच्या घरात उगीच घंटा कशाला वाजवायची. केवढी मी शहाणी.

तू येऊ नकोस. नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आलीय. तूही कुठे अडकलास तर मी कुणाकुणाला शोधू?

लहान समजून जसा रागावतोस, तसाच रागाव, पण जपून राहा.
वैशाली


नागोठणे
रविवार, २० जुलै

चि. वैशालीस आशीर्वाद. वि. वि.

आलो. तुझं ऐकण्याची सवय मला कधी होती?

जगनच्या टेम्पोने इथवर पोचलो. पुढे रस्ता पाण्यात. पाणी घोट्याएवढंच दिसत होतं, आणि पलीकडचं डांबर इतकं जवळ की म्हटलं, वीस पावलं. चप्पल हातात घेऊन उतरलो. चौथ्या पावलाला खाली रस्ताच नव्हता. वरून तसंच सपाट, मचूळ पाणी. खालची भर वाहून गेलेली. जगनने दोर टाकला म्हणून हे पत्र लिहितो आहे. बाहेर काढल्यावर त्याने मला मास्तराला म्हणू नयेत अशा गोष्टी सुनावल्या. एकही चुकीची नव्हती.

तीस वर्षं मुलांना नदीची वर्णनं शिकवली. सागराकडे धाव घेणारी नायिका, फेसाचं हसू, लाटांची वस्त्रं. काल रात्रीपासून एकही ओळ आठवत नाही, आणि बरंच आहे. इथे चिखल आहे, मेलेल्या शेळ्या आहेत आणि डिझेलचा वास आहे.

त्या दोन फोनांचा मी हिशेब लावत बसतो. पहिला मदतीसाठी असेल. मग दुसरा कशासाठी? सुरभी असताना मावशींनी का केला, तिने स्वतः का नाही केला? या प्रश्नाशी मी येतो आणि मागे फिरतो. तू मला उत्तर पाठवू नकोस, तिलाच पाठव.

शाळेत, दवाखान्यात, आणि ज्या जागेचं नाव मी लिहीत नाही तिथेही बघ.

दादा


अष्टमी
सोमवार, २१ जुलै

चि. सुजयमास्तरांस सिपोराचे आशीर्वाद.

सुरभी जिवंत हाय. आता खाली बसा नि पुढचं वाचा.

शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही हाव. तिचा उजवा हात मोडलाय, म्हणून पत्र मी लिहिते. पूल आज चालत्या माणसाला उघडला, वैशाली सकाळी धावतच आली नि पोरीला बघून मलाच दोन धपाटे घातले. पत्र ती केरूकडे देईल.

शुक्रवारी स्वयंपाकघरात भांडी तरंगायला लागली, त्या आवाजाने पोर उठली. तिने मेन स्विच पाडला, मला उठवलं, नि कपाटासमोर नुसती उभी. फोन आत, आणि हात लावीना. मावशी, शब्बाथ हाय म्हणते. घरात गुडघाभर पाणी, नि ही माझा धर्म सांभाळते. मी म्हटलं, “पोरी, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो, हे आमच्याच धर्मात सांगितलंय. काढ तो फोन.” तिचा सुरू होईना, खालच्या कप्प्यात भिजला होता. माझा लागला. पोलिसांचा नंबर लागेना. पाठ होता तो तुमचा. वाजत राहिला.

मग मागच्या पडवीतून शिडी लावून शेजारी गुणाजीच्या स्लॅबवर चढायचं ठरलं. माझे गुडघे तुम्हाला माहीत हायत. तिने खांदा देऊन मला वर ढकललं, गुणाजीने ओढलं. ती चढायला लागली नि शिडी गेली. हात तेव्हाच मोडला. डाव्या हाताने तिने गुणाजीच्या खिडकीचा गज धरला. पाणी गळ्याशी. गुणाजी दोर शोधायला आत गेला. मी वर पालथी पडून तुम्हाला परत फोन लावला. मला वाटलं, बापाचा आवाज ऐकला तर पोर धरून राहील.

तुम्ही नाय उचललात. तेवढ्यात रेंज पण गेली.

ती खालून म्हणाली, मावशी, हात सुटतोय. मी ओरडून सांगितलं, “घट्ट धर, बाबांनी फोन उचलला. बोलले, निघालो, तोवर सोडायचं नाय.” आणि मास्तर, तिने नाय सोडलं. गुणाजीला दोर सापडून गाठ बसेपर्यंत नाय सोडलं.

घराचं छप्पर पहाटे बसलं. त्याचं बघू. आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलले हाय, तुम्ही आल्यावर करू. रस्त्यावर पाणी असेल तर पाय घालू नका. तुमचा पराक्रम वैशालीने सांगितला, आम्हाला एकच बुडणारं माणूस पुरे झालं.

झोपेत पोर सारखी विचारते, बाबा कुठवर आले. फोन केला त्याबद्दल देव मला माफ करील, त्याचं मला भय नाय. खोटं बोलले, तेही शब्बाथच्या दिवशी, त्याचं मी माझ्या देवाशी बघून घेईन. तुम्हाला एवढंच सांगते की तुम्ही फोन उचलला होता. आल्यावर तिच्यासमोर दुसरं काय बोलू नका. वैशालीलाही मी तशीच ताकीद दिलीय.

आमच्यावर होता तसा जीव असू द्या.
सिपोरा