ज्याची डिस्क त्याच्या मांडीवर

बाबा, मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप उघडला आणि आत डिस्कच नव्हती. तुम्ही गेलात त्याला तप उलटून गेलं. एवढ्या काळात तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण हातात पेन घेतलं ते या गोष्टीसाठी. आधी मी स्वतःच उघडायला बसले होते. दहावी पास झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दिला होता, तोच घेतला. तो एकाही स्क्रूत बसेना. चष्मा लावून पाहिलं तर स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह नाहीच, पाच पाकळ्यांचं बारीक फूल कोरलेलं. म्हणजे मालकानं उघडूच नये अशी आधीच तजवीज. मग आपल्या दुकानाच्या गल्लीत आता जो दुरुस्तीवाला बसतो त्याच्याकडे गेले. त्याच्याकडे त्या फुलाचाही ड्रायव्हर होता. त्यानं मागचं झाकण काढलं आणि मी सवयीनं हात पुढे केला. त्याला वाटलं मी झाकण मागतेय. मी म्हटलं, "डिस्क द्या माझ्याकडे." तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. म्हणाला, "ह्याच्यात डिस्क न्हाई ऱ्हात ताई. सगळं बोर्डालाच डकवलेलं असतंय आता. बोर्ड गेला की समदं गेलं." माझा हात तसाच पुढे होता. मी वाकून पाहिलं. एक काळी पट्टी, तिच्यावर पत्र्याची झाकणं, आणि बाकी सगळ्या जागेत बॅटरी, तीही तळाला चिकटवलेली. तुम्ही खटकन बसवायचात आणि खटकन काढायचात ती रॅम नाही. वायरी नाहीत. धरून ओढावं असं काहीही नाही. मी तुमच्या दुकानात वाढलेली पोरगी, आणि मला कॉम्प्युटरच्या पोटात एक वस्तू ओळखता येत नव्हती. बाबा, मी खरंच हादरले.

तुमचं दुकान म्हटलं की मला ते बाकडं आठवतं. कुणाचाही कॉम्प्युटर आला की तुम्ही पहिलं काम एकच करायचात, डबा उघडून डिस्क काढायची, धुतलेल्या फडक्यात गुंडाळायची आणि मालकाच्या हातात द्यायची. दुरुस्ती होईस्तोवर त्यानं ती मांडीवर घेऊन बाकड्यावर बसायचं. गर्दीच्या दिवशी चारपाच जण एका ओळीत, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक गुंडाळलेलं गाठोडं. समोरचा टेलर हसायचा, म्हणायचा, "तुमचं दुकान हाये का बाळंतिणीचा वार्ड हाये?" मोंढ्यातला तो हळदीचा आडत्या आठवतो? बोटं कायम पिवळी. त्याला तुम्ही आधी साबणानं हात धुवायला लावायचात. तो एकदा चिडला होता. "माझं सामान तुमच्यापाशी ठिवलं तर काय बिघडतंय? मी काहून धरून बसू?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शेठ, तुमच्या वर्षाचा हिशोब हाये त्यात. तुमचं तुमच्यापाशी बरं." त्यानं विचारलं, "अन् डब्बा सुधरलाच न्हाई तर?" तुम्ही म्हणालात, "न्हाई सुधरला तर दुसरा घिऊ. त्यात हे लावू. डब्बा जाईल, हे कुठं जातंय?" मी कोपऱ्यात गृहपाठ करत ते ऐकत असे. एकदा मी कुणाची तरी डिस्क काउंटरवर चहाच्या पेल्याशेजारी ठेवली तर तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतं. "ते वीट न्हाई, कुठंबी ठिवायला." तेवढ्यावरून दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

आणि कुणाची डिस्क बिघडली असं वाटलं की तुम्ही ती तारेला जोडून सरळ कानाला लावायचात. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून. दुकान एकदम गप्प व्हायचं. फिरतेय की नाही, अडखळतेय की कसं, ते तुम्ही कानानं सांगायचात, आणि बाकड्यावरचा माणूस तुमच्या तोंडाकडे असा बघायचा की आता डॉक्टर काय सांगणार. ज्या डिस्कमधून आवाज येत नसे ती तुम्ही हळूच खाली ठेवायचात. त्या मेलेल्या डिस्का तुम्ही कधी भंगारात दिल्या नाहीत. मालकांनी टाकून दिलेल्याही एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्यात. तो डबा अजून मायच्या खाटेखाली आहे.

हा लॅपटॉप घेतानाच मला कळायला पाहिजे होतं. तुमच्याकडे माणूस नवा कॉम्प्युटर घ्यायला आला की तुम्ही आधी त्याला चहा पाजून विचारायचात, काम काय करणार. मग बोर्ड कोणता, डबा कोणता, पडदा केवढा, एकेक ठरायचं. जवळा बाजार गावचा लग्नपत्रिका छापणारा आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "आता एवढ्यात भागवा. ही लगनसराई निघू द्या, मंग रॅमची अजून एक पट्टी टाकू." आणि तो खरंच लगनसराईनंतर आला. पुढच्या वर्षी त्यानं मोठी डिस्क लावली, त्याच्या पुढच्या वर्षी पडदा बदलला. माणसं एकेक खोली काढत घर बांधतात तसे कॉम्प्युटर वाढायचे. मी गेले त्या दुकानात सगळीकडे काच, थंडगार हवा, आणि निवडायला काय, तर चांदीचा रंग का करडा. मी विचारलं, रॅम किती पट्ट्यांची आहे. विकणारी मुलगी गोड होती, म्हणाली, "मॅडम, जास्त पाहिजे असेल तर आत्ताच सांगा. नंतर वाढवता येत नाही." मला हसू आलं. मला वाटलं, महागातला खपवायला तसं म्हणतेय, हिला आतलं काय माहीत. स्वस्तातला घेतला, करडा. पुढं बघू, टाकू एखादी पट्टी. तुमच्यासारखंच म्हणाले बघा.

आता मायचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. मायच्या घशात गाठ निघाली. जन्मभराची मिश्री. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. तारीख मिळेपर्यंत मध्ये जे दिवस होते त्यांत मी एकच काम केलं. जवळा बाजारच्या शाळेत शिकवून घरी आले की लॅपटॉप रेकॉर्डिंग लावून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडा ठेवायचा आणि मायला बोलतं करायचं. फोन समोर धरला की ती लाजायची, तोंडाला पदर लावायची. लॅपटॉपला मात्र ती भांड्यांतलंच एक भांडं समजायची. भाकरी थापता थापता बोलत राहायची. सुरुवातीला तिनं एवढंच विचारलं होतं, "ह्यात ऱ्हाईल का गं माझं बोलणं?" मी म्हटलं, राहील. तुमच्याबद्दलही बोलली. वारंगा फाट्याला तिच्या बापाच्या हॉटेलातला रेडिओ दुरुस्त करायला तुम्ही आलात ते. "मी तोंडच पाह्यलं न्हाई ह्यांचं. रेडिवच्या मागून निसतं डोस्कं दिसून राहिलं व्हतं. मला वाटलं ह्या माणसाला तोंड हाये का न्हाई." आणि मग हसणं. ते हसणं त्यात होतं, बाबा. तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाजही होता.

ऑपरेशन झालं. माय वाचली. आता गळ्याला छिद्र आहे, त्यातून श्वास घेते, त्यावर ओला रुमाल बांधते. लिहिता तिला सहीपुरतंच येतं, म्हणून बोलणं सगळं हातांनी. मला बोलवायचं असलं की दोन टाळ्या. आणि रोज संध्याकाळी मी आले की ती बोटानं लॅपटॉप दाखवते, म्हणजे लाव. मग आम्ही दोघी बसून तिचा आवाज ऐकायचो. स्वतःच्याच गमतीवर ती खांदे हलवून बिनआवाजाची हसायची. कुठं सांगताना चुकली असेल तर हात हलवून मला सांगायची, असं नाही, तसं. ऑपरेशनपासून आमच्या घरात गप्पा होत्या त्या याच.

आणि मी त्याची दुसरी नक्कल काढली नाही. तुम्ही म्हणाल, काहून? पडद्यावर रोज सूचना यायची की नक्कल काढून ठेवा, मी रोज "नंतर" दाबायचे. आळस म्हणू नका. मला त्याची गरजच वाटत नव्हती. शाळेतल्या इतर बायका, ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, त्यांचं सगळं चार ठिकाणी आहे, कारण त्यांना भीती वाटते. मला भीती कशी ती माहीतच नव्हती. डबा जाईल, हे कुठं जातंय, हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि तुमच्या तोंडून ऐकलंय. मशीन मेलं तर मरू दे, मी डिस्क काढीन, दुसऱ्यात लावीन. लॅपटॉप एका सकाळी सुरू झाला नाही तेव्हाही मी घाबरले नव्हते. मायला म्हटलंसुद्धा, थांब, उद्या दुसऱ्यात लावते.

त्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले म्हणून नांदेडला गेले. तिथला माणूस चांगला होता. आठ दिवस ठेवून घेतला आणि मग भिंगाखाली मला जळालेली जागा दाखवली. म्हणाला, "बहनजी, आपका डाटा इस चिप में है, और उसकी चाबी उस चिप में. चाबीवाली ही जल गई." मी त्याला म्हटलं की मग ती साठवणीची चिप काढून दुसऱ्या मशीनला लावा. तो म्हणाला, लावली तरी उघडणार नाही, ती दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. म्हणजे मायचा आवाज तिथं आहे. जळाला नाही, पुसला नाही, माझ्या नखाएवढ्या काळ्या तुकड्यात पूर्ण आहे, आणि कुणालाही, कधीही ऐकू येणार नाही. असं कुणी मुद्दाम कसं बनवू शकतं? चोराच्या हाती लागू नये म्हणून, असं त्यानं सांगितलं. चोर कोण, तर मीच. मी बसमध्ये आपल्या हिंगोलीपर्यंत तो लॅपटॉप पिशवीत न घालता मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. ठेवला नाही. सगळ्या वाटेनं मला तुमचा राग येत होता. त्या बनवणाऱ्यांचा यायला हवा होता, पण ते कुठं भेटणार? तुम्ही मला इतक्या खात्रीनं का सांगितलं? तुमच्या काळी ते खरं होतं, हे कळतंय मला. तरी राग आला. आता माझ्याकडे मायचं काय उरलंय सांगू? ऑपरेशनआधी फोनवर तिनं एकदा बोलून पाठवलेला निरोप. "येताना कोथमीर आन. अन् लौकर ये, किती येळ." एवढंच. एवढ्याच्या मी चार ठिकाणी नकला ठेवल्यात.

घरी आले तर माय खाटेवर बसलेली. लॅपटॉप मी बाहेरच शबनममध्ये लपवला होता. तिनं बोटांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "अजून नांदेडलाच ठेवलाय दुरुस्तीला. येळ लागंल." मग तिनं मांडीवरचा पदर नीट केला, पाठ सरळ केली आणि दोन्ही हात, तळवे वर करून, मांडीवर पुढे धरले. मला लगेच कळलं नाही. इतकी वर्षं तुमच्या दुकानात चहा घेऊन येत होती ती. मशीन दुरुस्तीला गेलं की डिस्क मालकाच्या मांडीवर, हे तिला पाठ होतं. ती आपली डिस्क मागत होती.

मी म्हटलं, "देते." खाटेखालचा डबा ओढला, वरची जी हाताला लागली ती डिस्क उचलली, धुतलेल्या रुमालात गुंडाळली आणि तिच्या हातात ठेवली. कोणाची होती देव जाणे, कदाचित त्या आडत्याची. मायनं तिचं वजन बघितलं, मान हलवली, आणि मग रुमालासकट ती कानाला लावली. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून. बराच वेळ तशीच बसली. मग मांडीवर घेतली आणि वर दोन्ही हात ठेवले. तेव्हापासून दिवसभर ती तिच्याजवळच असते, जेवतानासुद्धा. तिला काय कळलंय आणि काय नाही, मी विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी ती सांगणार कशी.

हे पत्र मी त्या पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहे, डिस्का आहेत तिथंच. मायला मी अजून खरं सांगितलेलं नाही. आणि आणखी एक, बाबा. काल ती अंघोळीला गेली, तेव्हा खाटेवरची ती डिस्क मीही उचलून कानाला लावली.