डाव्या बटणाची रेघ

प्रिय मैत्री,

हातानं लिहितेय, कारण मेसेज लिहिला की पुसला जातो. तुझ्या बाबांचे टाके निघाले. काल करंजाड्यात तुमच्या घरी गेले, तेव्हा पोपटकाका उजव्या हातानं शेंगा सोलत होते. “दोन बोटांची नखं कापायची कटकट गेली बघ,” म्हणाले. काकू हसल्या नाहीत. मी हसले की नाही, आठवत नाही.

कॉलेजात आपण दोघींनी मिळून घेतलेला काडेपेटीएवढा लॉजिक अॅनालायझर, तारेतला सिग्नल पडद्यावर रेघ काढून दाखवणारा, अजून चालतो. तारांवरच्या तुझ्या रंगीत पट्ट्याही तशाच आहेत. तू म्हणायचीस, याचं सॉफ्टवेअर फुकट, त्याचा कोड कुणीही वाचावा, मग आपल्याला फसवणार कोण? मला ते फार पटायचं. पावणे एमआयडीसीत, ते काम करतात त्या कारखान्यात काकांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. पहिल्या दिवशी ऑपरेटरांपुढे उभं करून म्हणाले, “आमच्या गल्लीतली पहिली इंजिनियर. मशीन रुसली तर हिला सांगा.”

काका चालवायचे ती पत्रा दाबायची प्रेस खाली यायला दोन हातांनी दोन बटणं दाबून धरावी लागतात. एक सुटलं की ती तिथेच थांबली पाहिजे. अपघाताबद्दल कारखाना म्हणतो, काकांनी डावं बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं होतं. आमचे मॅनेजर चंद्रशेखर सरांनी अहवालात तसं लिहिलं, काकांनी सही केली. तू फोनवर बाबांना किती बोललीस, मी शेजारीच बसले होते. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, “माझंच चुकलं असंल.” आता त्यांना ती पट्टी आठवायलाही लागली आहे.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी तारा जोडल्या. लाल डाव्या बटणाला, पिवळी उजव्याला, हिरवी जिथून प्रेसला हुकूम जातो तिथे. आत लाकडाचा ठोकळा ठेवला. दोन्ही बटणं दाबली आणि पत्रा तिरका बसल्यावर तो सरळ करायला काका सोडायचे तसं डावं सोडलं. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल रेघ खाली पडली. हिरवी अर्धा सेकंद वरच राहिली, म्हणजे हुकूम चालूच. ठोकळा चेपला. पंधरा वेळा केलं, पंधराही वेळा तेच. प्रेस बंद करायला लावली. मग डबा खाल्ला. भेंडी होती.

गेल्या महिन्यात काका म्हणाले होते, “बटणं झिजलीत, हात धरला तरी मशीन मध्येच अडते. बघ की जरा.” नवी बटणं मिळेनात. म्हणून मी प्रेस चालवणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये एक आकडा वाढवला, बटण क्षणभर सुटलं तरी सुटलं असं धरू नये म्हणून. मशीन अडायची थांबली. काकांनी खूश होऊन मला वडापाव खाऊ घातला. तो आकडा माझा आहे, मैत्री. पट्टी नव्हतीच. सोमवारी चौकशीत मी हे सांगणार आहे. पुढे काय होईल ते होवो. पण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये त्या रेघांची फाइल आहे. उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि रेघा वाचायला मी तुझ्याकडूनच शिकले. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. मग मला नको, आधी बाबांना फोन कर.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
संघप्रिया